रॉक-संगीताच्या कीर्तिमंदिरातील उपेक्षित साथीदार : एक नामविचार

अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तिचा पहिला गौरवसमारंभ १९८६ मध्ये झाला आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे आय. एम. पेई या वास्तुशिल्पज्ञाने रचलेली तिची वास्तू १९९५ मध्ये खुली झाली. ज्या कलावंताची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन पंचवीस वर्षे लोटली, तो निवडीस पात्र समजला जातो. पात्र असूनही ज्यांची निवड झाली नाही, अशांच्या नावांवरून दरवर्षी वाद माजतो. हा वाद बहुतांशी अभिरुचीचा असतो. एकाला जे गायन थोर वाटते ते दुसऱ्याला सामान्य वाटते, आणि अशा वादाचा निर्णय कोणत्याही शास्त्राने करून देता येत नाही. तथापि उपेक्षितांमध्ये एक वर्ग असा आहे की, त्याच्या गुणवत्तेविषयी फारसा मतभेद नाही. त्याची उपेक्षा झाली ती त्याचे नाव कोठे व कसे छापले गेले, अथवा छापलेच गेले नाही, या कारणाने. हा वर्ग म्हणजे साथीदारांचा. त्याचा विचार करताना संगीताइतकेच व्याकरणही उपयोगी पडते, असे दिसून येईल.

रॉक-संगीताचा जन्मच मुळी ध्वनिमुद्रिकेवर झालेला आहे. गायनाची बैठक अथवा लिहून ठेवलेली स्वरलिपी हे त्याचे मूळ रूप नव्हे. तबकडीवर उमटलेला विशिष्ट नाद हेच त्याचे मूळ रूप होय. त्यामुळे तबकडीच्या मध्यभागी डकवलेले वर्तुळाकार लेबल हा या संगीताच्या इतिहासाचा पहिला दस्तऐवज ठरतो. कर्ता कोण, हे इतिहासकार त्या लेबलावरून ठरवितो आणि कीर्तिमंदिरही त्यावरूनच ठरविते. परंतु लेबल लिहिणारा इतिहासकार नसतो, तो व्यापारी असतो. तो जे नाव छापतो ते खपाच्या दृष्टीने छापतो, कधी कराराच्या अडचणीमुळे छापतो, तर कधी केवळ जागा पुरत नाही म्हणून गाळतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बडी हॉली व त्यांचे सहकारी यांचे आहे. १९५७ मध्ये 'दॅटल बी द डे' ही मुद्रिका 'ब्रन्सविक' या छापाखाली निघाली तेव्हा लेबलावर केवळ 'द क्रिकेट्स' एवढेच नाव होते. हॉली यांनी तेच गाणे आधी दुसऱ्या कराराखाली मुद्रित केलेले असल्यामुळे त्यांचे नाव उघडपणे घालणे अडचणीचे होते. त्याच वर्षी 'पेगी सू' ही मुद्रिका 'कोरल' या छापाखाली निघाली. तिच्यावर मात्र केवळ 'बडी हॉली' हे नाव होते. दोन्हीकडे गायक तोच आणि ड्रमवादक जेरी अ‍ॅलिसन हेही तेच. म्हणजे एकाच मंडळीने एकाच वर्षी केलेल्या कामावर एकदा समूहाचे नाव पडले व एकदा व्यक्तीचे. १९८६ मध्ये कीर्तिमंदिराने पहिल्याच तुकडीत हॉली यांचा समावेश केला. क्रिकेट्सचा केला नाही. ज्या गाण्याने हॉली यांची कीर्ती झाली त्याच्या लेबलावर हॉली हे नावच नव्हते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

असाच प्रकार आणखी पाच समूहांच्या बाबतीत घडला. 'जेम्स ब्राउन' हे १९८६ मध्ये निवडले गेले, 'फेमस फ्लेम्स' राहिले. 'बिल हेली' १९८७ मध्ये निवडले गेले, 'कॉमेट्स' राहिले. त्याच वर्षी 'स्मोकी रॉबिन्सन' आले आणि 'मिरॅकल्स' राहिले. १९९० मध्ये 'हँक बॅलर्ड' आले, 'मिडनायटर्स' राहिले. १९९८ मध्ये 'जीन व्हिन्सेंट' आले, 'ब्लू कॅप्स' राहिले. या सर्व समूहनामांची घटना पाहिली असता प्रश्नाचे मूळ स्पष्ट होते.

इंग्रजीतील 'अँड' हे अव्यय वरकरणी समुच्चयबोधक आहे. द्वंद्व समासाप्रमाणे त्याच्या दोन्ही बाजूंची पदे समान प्राधान्याची असावीत, अशी अपेक्षा असते. परंतु समूहनामांत त्याचा व्यवहार वेगळाच होतो. 'बिल हेली अँड हिज कॉमेट्स' या नामात 'हिज' हे स्वामित्वदर्शक सर्वनाम येताच दुसरे पद पहिल्याच्या मालकीचे होते. 'जीन व्हिन्सेंट अँड हिज ब्लू कॅप्स' याचेही तसेच. जेम्स ब्राउन यांच्या १९५६ मधील 'प्लीज, प्लीज, प्लीज' या पहिल्या मुद्रिकेवर तर 'विथ' हाच शब्द होता, आणि 'विथ' म्हणजे आपले 'सह'. 'सह'च्या योगात येणारे पद गौण असते व त्याला तृतीया लागते, ही व्यवस्था पाणिनीने सांगून ठेवलेली आहे. मराठीत तर हा भेद क्रियापदावरून तत्काळ कळतो. 'राम आणि लक्ष्मण वनात गेले' असे म्हटले की जाणारे दोघे ठरतात. 'राम लक्ष्मणासह वनात गेला' असे म्हटले की क्रियापद एकट्या रामाशी जुळते, लक्ष्मण तितकेच पाऊल चालला असला तरी. कीर्तिमंदिराने या सहाही नावांतील 'आणि' हा 'सह' म्हणून वाचला, इतकेच नव्हे तर पुढील पद अजिबात सोडून दिले.

येथे कोणी म्हणेल की, लेबलावरील गौणत्व हे वस्तुस्थितीतील गौणत्वाचेच प्रतिबिंब असेल. इतिहास तसे सांगत नाही. फेमस फ्लेम्स हा समूह बॉबी बर्ड यांचा होता व ब्राउन त्यात नंतर सामील झाले. मिडनायटर्सचा समूह पूर्वी 'रॉयल्स' या नावाने गात असे. बॅलर्ड त्यात १९५३ मध्ये आले, आणि त्यांचे नाव समूहाच्या पुढे लागण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. मिरॅकल्सच्या पहिल्या मुद्रिका 'मिरॅकल्स' या एकाच नावाने निघाल्या होत्या; रॉबिन्सन यांचे नाव वेगळे काढून पुढे ठेवण्याची प्रथा १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास पडली. म्हणजे बहुधा समूह आधी, नायक नंतर, आणि 'आणि' सर्वांत शेवटी.

संस्थेला ही चूक उमगण्यास सव्वीस वर्षे लागली. २०१२ मध्ये एका विशेष समितीच्या शिफारशीवरून उपरोक्त सहाही समूहांना एकदम स्थान देण्यात आले. तोवर फेमस फ्लेम्सच्या गौरविलेल्या चौघांपैकी केवळ बॉबी बेनेट हयात होते, आणि पुढील वर्षाच्या आरंभीच तेही निवर्तले. दुरुस्ती प्रामाणिक होती, पण अपुरी. बॉब मार्ली यांना १९९४ मध्ये एकट्यानेच निवडण्यात आले होते. 'वेलर्स' मात्र २०१२ च्या यादीतही नव्हते. वस्तुतः १९७३ मध्ये निघालेल्या 'कॅच अ फायर' या संचावर केवळ 'द वेलर्स' हे नाव होते, आणि त्यात मार्ली यांच्या बरोबरीने पीटर टॉश व बनी वेलर हे गात असत. ते दोघे १९७४ मध्ये बाहेर पडले व त्यानंतर 'बॉब मार्ली अँड द वेलर्स' हे नाम रूढ झाले. टॉश यांची १९८७ मध्ये हत्या झाली आणि बनी वेलर २०२१ मध्ये वारले. क्रिकेट्सना जो न्याय लागू झाला तो येथे का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे.

येथवर ज्यांचा विचार झाला त्यांचे नाव निदान लेबलावर होते. ज्यांचे नाव लेबलावर मुळीच नव्हते त्यांची कथा याहून गंभीर आहे.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतील अनेक ध्वनिमुद्रण-कंपन्या आपले वादक पगारावर किंवा दर बैठकीच्या मोबदल्यावर बांधून ठेवीत. गायक बदलत, वादक तेच राहत. डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून आठशे डॉलर कर्जाऊ घेऊन जी कंपनी काढली, ती पुढे 'मोटाउन' म्हणून जगप्रसिद्ध झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका घरात तिचे मुद्रणगृह होते. वादक त्याला 'स्नेकपिट', म्हणजे सापांचे भुयार, म्हणत. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे इत्यादींच्या त्या काळातील मुद्रिकांवर मागे जे वाद्यसंगीत ऐकू येते ते एकाच वादकसमूहाचे आहे. पियानोवर प्रथम जो हंटर व पुढे अर्ल व्हॅन डाइक, बास गिटारवर जेम्स जेमर्सन, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस व जो मेसिना, डफावर जॅक अ‍ॅशफर्ड ही त्यांतील प्रमुख नावे होत. हे स्वतःला 'फंक ब्रदर्स' म्हणवीत. 'माय गर्ल' या गीताच्या आरंभी गिटारवर जी चढती स्वरावली येते आणि जिच्यामुळे गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच गाणे ओळखू येते, ती व्हाइट यांनी वाजविलेली आहे. जेमर्सन केवळ उजव्या हाताच्या तर्जनीने तार छेडीत. त्या एका बोटाने त्यांनी बास गिटारला ठेका धरणाऱ्या वाद्याच्या पातळीवरून उचलून गायकाशी संवाद करणाऱ्या दुसऱ्या आवाजाच्या पातळीवर नेले. त्यांच्यानंतर बास वाजविणाऱ्या बहुतेकांनी हे ऋण मान्य केलेले आहे.

या मंडळींची नावे वर्षानुवर्षे कोणत्याही मुद्रिकेवर छापली गेली नाहीत. १९६५ मध्ये व्हॅन डाइक यांच्या नावाने वाद्यसंगीताचा एक संच काढण्यात आला, पण त्यावर समूहाचे नाव 'सोल ब्रदर्स' असे घातले गेले. 'फंक' हा शब्द मालकांना रुचत नसे, असे सांगतात. म्हणजे नाव मिळाले ते देखील दुसरेच. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संचाच्या वेष्टनावर वादकांचा सविस्तर नामनिर्देश झाला, आणि १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली.

भाषाशास्त्रात एका घटकाचे कार्य सिद्ध करावयाचे असेल तर बाकी सर्व बाबतीत समान व त्या एकाच घटकात भिन्न अशी दोन रूपे शोधतात. प्रस्तुत प्रश्नी असे युग्म आयतेच सापडते. मेम्फिस येथील 'स्टॅक्स' या कंपनीत बुकर टी. जोन्स, स्टीव्ह क्रॉपर, डोनाल्ड डन व अल जॅक्सन हे जे काम करीत होते ते फंक ब्रदर्सच्या कामासारखेच होते. काळ तोच, पद्धत तीच, गायकांमागे राहून वाजविणे तेच. भेद इतकाच की, १९६२ मध्ये 'ग्रीन अनियन्स' ही वाद्यसंगीताची मुद्रिका 'बुकर टी. अँड द एम. जी.ज' या नावाने निघाली व खपली. या समूहाला १९९२ मध्ये कीर्तिमंदिरात 'परफॉर्मर', म्हणजे मुख्य कलावंत, म्हणून स्थान मिळाले. फंक ब्रदर्सना समूह म्हणून २०२५ पर्यंत कोणत्याही वर्गात मिळालेले नाही. गुणांचा फरक म्हणावा तर तो दाखविता येत नाही. नावाचा फरक मात्र डोळ्यांपुढे आहे. न्यू ऑर्लिन्सच्या 'मीटर्स' या समूहाला स्वतःचे नाव, स्वतःच्या मुद्रिका व अनेकदा नामांकन लाभूनही प्रवेश मिळाला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. नाव असणे पुरेसे नसते; नसणे मात्र बहुधा पुरेसे ठरते.

संस्थेने २००० मध्ये 'साइडमन' नावाचा वर्ग निर्माण केला. या शब्दाचा सरळ अर्थ 'बाजूचा माणूस' असा होतो. मराठीत 'साथ' हा शब्द अधिक उदार आहे, कारण त्यात बरोबर चालण्याचा अर्थ आहे. तबलजीची साथ रंगली असे आपण म्हणतो तेव्हा तबलजीला बाजूला बसवीत नाही. पहिल्या वर्षी या वर्गात जेमर्सन, हॅल ब्लेन, अर्ल पामर, किंग कर्टिस व स्कॉटी मूर असे पाच जण घेण्यात आले. मूर हे एल्व्हिस प्रेस्ली यांचे गिटारवादक. १९५४ मध्ये 'सन' कंपनीने काढलेल्या प्रेस्ली यांच्या पहिल्या मुद्रिकेच्या लेबलावर प्रेस्ली यांच्या नावाखाली 'स्कॉटी आणि बिल' अशी नावे स्वच्छ छापलेली आहेत. मोठ्या कंपनीकडे करार जाताच ती लोपली. प्रेस्ली १९८६ मध्ये, मूर २००० मध्ये व बिल ब्लॅक २००९ मध्ये, अशा क्रमाने लेबलावरील त्या तीन नावांना कीर्तिमंदिर लाभले. ब्लॅक १९६५ मध्येच वारले होते.

'साइडमन' हा वर्ग २०१० मध्ये 'म्युझिकल एक्सलन्स', अर्थात सांगीतिक नैपुण्य, या नावाने ओळखला जाऊ लागला. नाव सुधारले, दृष्टी मात्र प्रायः तीच राहिली. ई स्ट्रीट बँडसारख्या समूहाला २०१४ मध्ये या वर्गात घेतले गेले खरे, पण मुद्रणगृहातील वादकांपैकी एकेक व्यक्तीच वेचली जाते. फंक ब्रदर्समधून जेमर्सन यांना २००० मध्ये व बेंजामिन यांना २००३ मध्ये घेतले. एक १९८३ मध्ये गेलेले, दुसरे १९६९ मध्ये. व्हॅन डाइक, व्हाइट, मेसिना यांचे काय? बास व ड्रम यांच्या गुंफणीतून जो नाद निर्माण झाला त्याचे श्रेय दोघांना द्यावे आणि त्याच खोलीत, त्याच क्षणी वाजणाऱ्या तीन गिटारींना देऊ नये, हा विभाग संगीताच्या दृष्टीने निरर्थक आहे. वाक्यातील दोन पदे अर्थपूर्ण व उरलेली निरर्थक म्हणण्यासारखेच ते होय.

समूहाची सीमा कोठे आखावी, हा आक्षेप वजनदार आहे. अशा समूहांत माणसे येत-जात असत आणि मोटाउनच्या आरंभीच्या बैठकींच्या नोंदी अपुऱ्या आहेत. त्याचे दुष्परिणामही घडले. लॉस एंजेलिसच्या बासवादक कॅरोल के यांनी मोटाउनच्या काही गाजलेल्या मुद्रिकांवरील बास आपला असल्याचा दावा केला व जेमर्सन यांच्या अभ्यासकांनी तो अमान्य केला. लेबलावर नावे असती तर हा वाद उद्भवलाच नसता. परंतु सीमा आखणे अशक्य नाही. २००२ मध्ये पॉल जस्टमन यांनी या वादकांवर जो अनुबोधपट काढला त्याने तेरा नावे निश्चित केली, आणि २००४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या संस्थेने फंक ब्रदर्सना समूह म्हणून जीवनगौरव दिला. एका संस्थेला जे साधले ते दुसरीला साधू नये असे नाही.

कंठसंगीतातील निनावीपणा तर याहून विचित्र आहे, कारण तेथे नाव गाळले जात नसे, दुसऱ्याचे लावले जात असे. १९६२ मधील 'ही इज अ रेबेल' ही मुद्रिका 'क्रिस्टल्स' या नावाने निघाली. प्रत्यक्षात गायल्या डार्लीन लव्ह व त्यांचा 'ब्लॉसम्स' हा समूह. १९६८ मधील 'लव्ह चाइल्ड' वर 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' असे छापलेले आहे. रॉस यांच्या मागचे आवाज मात्र सुप्रीम्सचे नसून 'अँडांटीस' या त्रयीचे, म्हणजे जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो व लूव्हेन डेम्प्स यांचे आहेत. मोटाउनच्या असंख्य मुद्रिकांवर या तिघी अनामिक गायल्या. सुप्रीम्स १९८८ मध्ये व डार्लीन लव्ह २०११ मध्ये कीर्तिमंदिरात आल्या. ब्लॉसम्स व अँडांटीस बाहेरच आहेत. येथे 'सुप्रीम्स' हे विशेषनाम व्यक्तींचे वाचक उरलेले नाही, ते व्यापारचिन्ह झालेले आहे, आणि गौरव मात्र ते व्यक्तिवाचक असल्याप्रमाणे दिला गेला.

नाव गेल्याने केवळ मान जातो असे नाही. पियानोवादक जॉनी जॉन्सन यांनी १९५२ च्या अखेरच्या रात्री आपल्या त्रयीत एका आजारी वादकाच्या जागी चक बेरी यांना बोलाविले; पुढे त्रयी बेरी यांची झाली. १९८६ मध्ये बेरी व २००१ मध्ये जॉन्सन गौरविले गेले. दरम्यान २००० मध्ये जॉन्सन यांनी पन्नासहून अधिक गीतांच्या रचनेत आपला वाटा असल्याचा दावा न्यायालयात मांडला होता. फार वर्षे लोटल्याच्या कारणावरून तो २००२ मध्ये फेटाळला गेला. वाटा होता की नव्हता, याचा निर्णय झालाच नाही.

२०२५ मध्ये संस्थेने 'सांगीतिक नैपुण्य' वर्गासाठी तीन नावे जाहीर केली. त्यांत दिवंगत इंग्रज पियानोवादक निकी हॉपकिन्स यांच्याबरोबर कॅरोल के यांचेही नाव होते. के १९३५ मध्ये जन्मल्या, आरंभी जॅझ गिटार वाजवीत, आणि १९६३ मध्ये एका बैठकीस बासवादक न आल्याने त्यांच्या हाती बास आला. 'पेट साउंड्स' या १९६६ च्या संचावरही त्यांचे वादन आहे. त्यांनी हा मान जाहीरपणे नाकारला. मुद्रणगृहातील वादक जे काम करीत असत त्याचे यथार्थ रूप या गौरवात दिसत नाही, आणि आपण वाजविले ते कधीही एकटीने नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वादकवर्गात त्यांची गणना होते त्याला लावले जाणारे 'रेकिंग क्रू' हे नावही त्यांना मान्य नव्हते. ते हॅल ब्लेन यांच्या १९९० मधील आत्मकथनाने रूढ झाले. त्या काळी आपल्याला कोणी तसे म्हणत नसे, असे त्या सांगत आल्या.

सीमेचा आक्षेप ज्यांच्या बाबतीत उद्भवतच नाही असा एक समूह अलाबामा राज्यातील मसल शोल्सचा आहे. जिमी जॉन्सन, रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड व बॅरी बेकेट हे चौघे प्रथम रिक हॉल यांच्या 'फेम' मुद्रणगृहात वाजवीत. १९६९ मध्ये त्यांनी शेफील्ड येथे स्वतःचे मुद्रणगृह थाटले. 'स्वॉम्पर्स' हे त्यांचे टोपणनाव लिनर्ड स्किनर्ड या समूहाच्या १९७४ मधील 'स्वीट होम अलाबामा' या गीतात आलेले आहे, आणि तो समूह २००६ पासून कीर्तिमंदिरात आहे. बेकेट ज्यांच्या जागी आले ते स्पूनर ओल्डहॅम यांना २००९ मध्ये 'साइडमन' म्हणून स्थान मिळाले. त्याच वर्षी बेकेट वारले. जॉन्सन २०१९ मध्ये व हॉकिन्स २०२१ मध्ये. चौघांची नावे, वाद्ये व वर्षे निर्विवाद आहेत, आणि गीतातील त्या एका उल्लेखापलीकडे कीर्तिमंदिरात त्यांचा समूह म्हणून प्रवेश झालेला नाही.